मेंदूचा धडा, दुसऱ्यांदा

शिरूर कासार तालुक्यातल्या त्या गावात मी सहा वर्षं शिकवलं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. शिक्षक दोनच. पहिली-दुसरी हेडमास्तर सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव ऊसतोडीला जायचं आणि आमची बरीचशी मुलंही आईबापांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जायची. कुणी आजीकडं, कुणी चुलत्याकडं, अशी काही मागं राहायची. मी सांगतेय त्या वर्षी हिवाळ्यात माझ्या चौथीच्या वर्गात नऊ मुलं उरली होती.

त्या नऊ जणांतली ती एक. आधीची तीन वर्षं तीही दर दिवाळीनंतर जायची आणि पाडव्याच्या आसपास परत यायची, तोवर जोडाक्षरं विसरलेली असायची. त्या वर्षी मी तिच्या आईशी भांडून तिला चुलतीकडं ठेवून घेतलं होतं. बारीक अंगाची, केसांना तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालणारी, आणि प्रश्न विचारताना उभं राहायचंच असतं असं ठाम मानणारी. संक्रांतीच्या आधी आठ दिवस तिचे आईवडील हंगाम अर्धा टाकून घरी आले. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं. हे मला हेडमास्तर सरांनी हजेरीच्या वेळी सांगितलं. मी ‘अरेरे’ म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. मला माहीत होतं. पण ‘वारं गेलं’ हा शब्द लहानपणापासून ऐकलेला, आणि मेंदू हा शब्द पुस्तकातला. दोन्ही माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत पडलेले होते.

फेब्रुवारीत परिसर अभ्यासात शरीराच्या आतल्या अवयवांचा धडा आला. हृदय, फुप्फुसं झाली. मेंदूसाठी मी घरून कणीक मळून नेली आणि टेबलावर तिच्या लांब वळ्या करून एकावर एक रचल्या. मुलं टेबलाभोवती गोळा झाली.

“मॅडम, ही तर गव्हाची कुरडई हाय,” एक म्हणाला.

“आमी बकऱ्याचा भेजा खाल्लाय,” पुढच्या बाकावरची धीट मुलगी म्हणाली. “असाच आसतोय. लई मऊ.”

“मग तुला बकऱ्याची अक्कल आली का?”

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. मेंदूचे धागे पाठीच्या कण्यातून खाली कसे उतरतात आणि हातापायांच्या बोटांपर्यंत कसे पोचतात, ते मी लोकरीच्या धाग्यानं फळ्यावर चिकटवून दाखवलं. गरम तव्याला हात लागला की आपण विचार करण्याआधीच हात मागे येतो, हे सांगितल्यावर दोघातिघांनी आपले भाजलेले डाग दाखवले. धडा चांगला चालला होता. इतका चांगला चालला होता की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं होतं.

“मेंदू म्हणजे आपल्या शरीराचा सरपंच,” मी म्हणाले. “तो सांगेल तसं सगळं गाव चालतं.”

तेव्हा ती उभी राहिली. “मॅडम, सरपंचच आजारी पडला तर?”

पाच मिनिटांत सुट्टी व्हायची होती. खिचडीचा वास येत होता, मुलांची चुळबूळ सुरू झाली होती. मी कणकेचा गोळा करत म्हणाले, “मग गाव बंद. मेंदू गेला की माणूस संपला. नुसतं अंग उरतं.”

ती खाली बसली. मी हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हरभऱ्याची काढणी चालू होती, त्या दिवसांत मुली घरी राहतातच, म्हणून मी फार विचार केला नाही. चौथ्या दिवशी तिची चुलत बहीण, दुसरीत होती, पाणी पिताना हापशावर भेटली. मी विचारलं, “ताई कावून येईना गं?”

“ती रडतीय मॅडम,” ती म्हणाली. “म्हणती, मॅडमनीच सांगितलंय, आबा संपलेत. आता निस्तं अंग उरलंय.”

हापशाचा दांडा माझ्या हातात होता. तो मी खाली करायचं विसरले. ‘आबा’ म्हणजे तिचे वडील. पोरगी मला सांगून पाणी प्यायली आणि उड्या मारत वर्गात गेली.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वस्तीवर गेले. गावापासून दहा-पंधरा मिनिटं चालत, ओढ्याच्या पलीकडं पाच-सहा पत्र्याची घरं. तिची आई दारात हरभरा बडवत बसली होती. मला बघून लगबगीनं उठली, पदरानं हात पुसले. आत बाजेवर तिचे वडील भिंतीला टेकून बसले होते. पस्तिशीचा माणूस असेल. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, तोंडाची एक कड खाली उतरलेली, पण दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. मुलगी चुलीजवळ पाठ करून बसली होती. तिनं वळून बघितलं नाही.

मला बघताच ते म्हणाले, “मोळी.”

मी त्यांच्या बायकोकडं बघितलं.

“तेवढंच बोलतेत,” ती म्हणाली. “मोळी. पानी पायजे तरी मोळी, भूक लागली तरी मोळी. मोळी उचलतानाच पडले ना फडात. उसाची मोळी डोक्यावर घेतली आन् खालीच बसले. कारखान्याकडच्या दवाखान्यात आठ दिवस ठिवलं. डॉक्टर म्हनले, मेंदूत रगात गोठलंय. तवापून डोक्यावर परिणाम झालाय. काय कळंना त्येन्ला.”

ती हे सगळं त्यांच्यासमोरच सांगत होती, आणि मीही त्यांच्यासमोरच ऐकत होते. एखाद्या मोडलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं आम्ही दोघी बोलत होतो. येणारेजाणारे असेच बोलून जातात, पोरं दारातून ‘मोळी, मोळी’ ओरडून पळतात, असंही तिनं सांगितलं. दवाखान्यातल्या गोळ्या संपल्यावर परत आणल्या नव्हत्या. कुणीतरी एका तेल लावणाऱ्याकडं न्यायला सांगितलं होतं, तिथं दोन खेपा झाल्या होत्या.

“मुलगी शाळेत येत नाही,” मी शेवटी म्हणाले.

“काय करू मॅडम, मी रानात जाते, ह्येंच्यापाशी कुनीतरी पायजे. आन् तिसरीतच तर हाय आजून, थोडं बुडालं तर...”

“मोळी!” बाजेवरून जोरात आवाज आला.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. ते मान हलवत होते. नाही, नाही. डावा हात त्यांनी वर केला, अंगठा आत दुमडला आणि चार बोटं दाखवली. बायकोला समजेना. त्यांनी हात आणखी पुढं केला, चारही बोटं ताठ, आणि मग चुलीकडं, मुलीकडं बोट केलं.

“चौथीत,” मी म्हणाले. “ती चौथीत आहे. असंच ना, भाऊ?”

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चेहऱ्याची एकच बाजू रडत होती.

चुलीपाशी बसलेली मुलगी आता उभी राहिली होती. तिच्या हातातला चिमटा तसाच होता. आई म्हणाली, “आगं बया, हो की. चौथीतच. मीच इसरले.” आणि मग ती मटकन खाली बसली. महिनाभर ज्याला काही कळत नाही असं समजून आपण त्याच्यासमोर काय काय बोललो, ते तिला आठवत असणार. तिचा चेहराच तसं सांगत होता.

मी मुलीजवळ गेले. “मी वर्गात जे म्हणाले ना, ते चुकीचं होतं,” मी म्हणाले.

तिनं चिमटा खाली ठेवला. “पन पुस्तकात हाय ना?”

“पुस्तकात नाही. माझ्या मनानं बोलले. घाईत बोलले.”

“मग पुस्तकात काय हाय?”

पुस्तकात मेंदूवर आठ-दहा ओळी होत्या. माणसाला सगळं कळतं आणि तोंडातून एकच शब्द येतो, असं का होतं, हे त्यात कुठून असणार? ते मलाही माहीत नव्हतं. तेरा वर्षं नोकरी झाली होती माझी. “मी विचारून येते,” मी म्हणाले. “आपल्या दोघींनाही माहीत नाही. मी विचारून येते.”

शनिवारी सकाळची शाळा करून मी बीडला गेले. माझ्या आतेबहिणीच्या ओळखीच्या एक बाई होत्या, वाचा गेलेल्या माणसांकडून बोलण्याचा सराव करून घ्यायच्या. बसस्टँडपासून रिक्षानं त्यांच्या घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं, आपण उगीच लुडबुड करतोय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चार बोटांचं सांगितल्यावर त्या पुढं सरकून बसल्या.

“समज शाबूत आहे त्यांची,” त्या म्हणाल्या. “बऱ्याच जणांची असते. शब्द काढून देणारी जागा दुखावली आहे. आपल्याला एखादं नाव ओठांवर येतं आणि सापडत नाही, तसं त्यांना प्रत्येक शब्दाला होतंय. आणि जो शब्द हाताला लागतो, तोच पुन्हा पुन्हा बाहेर येतो. त्यांना स्वतःलाही ते ऐकू येत असतं. म्हणून चिडतात, रडतात.”

“बरे होतील का?”

“किती ते आज नाही सांगता येणार. पण एवढ्यात हात टेकायचे नाहीत. गोळ्या मात्र बंद करू नका, त्या आधी सुरू करा. तेल लावायचं तर लावा, त्यानं काही बिघडत नाही, पण गोळ्या सोडून नाही. आणि त्यांना इकडं घेऊन या.”

मग त्यांनी मला घरच्यांनी काय करायचं ते सांगितलं. समोर बसून बोलायचं. एका वेळी एकच गोष्ट विचारायची, हो किंवा नाही म्हणता येईल अशी. आणि मग थांबायचं. त्यांच्या तोंडचा शब्द आपण पुरवायचा नाही. “थांबणं सगळ्यांत अवघड जातं,” त्या म्हणाल्या. “विशेषतः शिक्षकांना.” निघताना दारात त्या आणखी एक बोलल्या: मोजणं, वार, आरत्या, पाठ केलेलं काहीही म्हणून बघा. ते कधीकधी वेगळ्याच वाटेनं बाहेर येतं.

रविवारी वस्तीवर जाऊन मी बाईंचं सगळं सांगून आले. सोमवारी ती शाळेत आली होती, पण एकटी नाही. तिची आई रानात जाणार होती आणि घरी माणूस नव्हतं, म्हणून ती वडिलांना काठीच्या आणि स्वतःच्या खांद्याच्या आधारानं घेऊन आली होती. पंधरा मिनिटांच्या वाटेला त्यांना तासभर लागला होता. मी हेडमास्तर सरांकडं बघितलं. सर नियमाचे फार पक्के. पण त्यांनी ऑफिसमधली हातांची खुर्ची स्वतः उचलून व्हरांड्यात, उन्हाच्या कडेला ठेवली. “बसा,” ते म्हणाले. “याच शाळेतले की तुम्ही. आमच्या आधीच्या गुरुजींचे विद्यार्थी.”

त्या दिवशी मी मेंदूचा धडा दुसऱ्यांदा शिकवला. यावेळी कणीक नव्हती. दोन्ही वर्ग पटांगणात काढले. कडुलिंबापासून शाळेच्या घंटेपर्यंत मुलांना हात धरून एका ओळीत उभं केलं. कडुलिंबापाशी उभा राहील तो मेंदू, घंटेपाशी उभा राहील तो हात. मेंदूनं शेजारच्याचा हात दाबायचा, त्यानं पुढच्याचा, आणि निरोप पोचला की शेवटच्यानं घंटा वाजवायची. बोलायचं नाही.

“मला मेंदू करा,” ती म्हणाली.

दोनतीन वेळा निरोप सरसर गेला, घंटा वाजली, मुलं खूश. मग मी मधल्या तीन मुलांना खाली बसवलं. “इथं दुखापत झाली,” मी सांगितलं. “आता कर.”

तिनं शेजारचा हात दाबला. निरोप चार मुलं गेला आणि थांबला. तिनं आणखी जोरात दाबला. शेजारची मुलगी ओरडली, “आगं दुखतंय!” घंटा गप्प. मी घंटेपाशी उभ्या असलेल्याला विचारलं, “काय रे, तुझा हात मोडलाय का?”

“न्हाई मॅडम,” तो वैतागून म्हणाला. “मी बराच हाय की! मला कुनी सांगतच न्हाई तर कसं वाजवू?”

ती कडुलिंबाखाली उभी होती. तिनं मान वळवून व्हरांड्याकडं, वडिलांच्या मांडीवरच्या हाताकडं बघितलं. मग मोठ्यानं म्हणाली, “म्हंजी मेंदू पन हाय आन् हात पन हाय. मधली वाट बंद झालीय.”

“हो.”

“मग दुसरीकडून जाऊ द्या की!”

ते मी सांगायच्या आधीच पुढच्या बाकावरची धीट मुलगी पळत गेली. तिनं पायऱ्यांवर बसलेल्या पहिलीच्या पोरांना उठवलं आणि बसलेल्या तिघांना वळसा घालून, ओळीची दोन टोकं त्या चिमुरड्यांनी जोडली. पहिल्यांदा निरोप मध्येच हरवला, कारण एकाला हात दाबायचं कळलंच नाही, तो दुसऱ्याला गुदगुल्या करत बसला. दुसऱ्या खेपेला घंटा दोनदा वाजली. सहाव्या-सातव्या वेळी नीट वाजली, पण वेळ लागला. मुलं दमली, घामेघूम झाली, पण थांबायला तयार नव्हती. नवी वाट करता येते, पहिल्या वाटेसारखी होईलच असं नाही आणि सरावाला फार दिवस लागतात, हे मला निराळं सांगावं लागलं नाही. मी एवढंच म्हणाले, “माणसाच्या डोक्यात हे घडायला महिने लागतात. कधी वर्षंही.”

मग तिनं मुलांना सांगितलं. मी सांगितलं नव्हतं बोलायला. ती व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या आबाला सगळं कळतंय. त्यांन्ला बोलायला येत न्हाई. त्यांच्यासमोर कुनी मोळी मोळी करायचं न्हाई. त्यांन्ला ऐकू येतंय.”

धीट मुलीनं मान खाली घातली. ओरडून पळणाऱ्या पोरांत तीही असायची, हे मला तेव्हा कळलं. थोड्या वेळानं ती त्यांच्या खुर्चीपाशी गेली आणि म्हणाली, “पानी आनू का?” आणि बाईंनी सांगितलेलं तिला काहीच माहीत नसताना ती नुसती उभी राहिली, वाट बघत. त्यांनी मान हलवली. तिनं तांब्या आणला.

त्याच आठवड्यात त्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. महिन्यातून दोनदा मुलीची आई त्यांना घेऊन बीडला जायची, एकदा मीही गेले. बाकीचे दिवस ते व्हरांड्यात असायचे. पहिल्या आठवड्यात हेडमास्तर सर मला म्हणाले, “मॅडम, तुमचा तो मेंदू किती दिवस चालणार? भागाकार राहिलाय पोरांचा.” पण दुपारी स्वतःचा चहा अर्धा करून त्यांना द्यायचे, आणि कप डाव्या हाताला धरता येईल अशा बाजूनं ठेवायचे.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी तिसरीची मुलं पाढे म्हणत होती. मी वह्या तपासत होते. बे एके बे, बे दुणे चार. मुलांच्या आवाजाखालून एक जाड, जड आवाज येतोय असं मला वाटलं. मी मान वर केली. ती आधीच उठून दाराशी गेली होती आणि तोंडावर हात ठेवून उभी होती. व्हरांड्यात तिचे वडील डोळे मिटून म्हणत होते, “बे सक बारा. बे साती चौदा.” शब्द घसरत होते, पण होते. मी मुलांना हातानं खूण केली, थांबू नका. मुलं वीसपर्यंत गेली, ते वीसपर्यंत गेले. तिनाचा सुरू झाला, त्यातही आले. चाराला अडकले आणि थांबले.

मग त्यांनी डोळे उघडले आणि आमच्याकडं बघितलं, आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पुन्हा “मोळी” आलं. त्यांचा चेहरा इतका पडला की माझ्याच्यानं बघवेना. पण ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “आसू द्या आबा. बीडच्या मॅडम म्हनल्या ना, ती वाट येगळी हाय, ही येगळी हाय. ही पन हुईल.”

त्यानंतर ती रोज मधल्या सुट्टीत त्यांच्याकडून पाढे, वार, महिने म्हणवून घ्यायची. मग ती मध्येच थांबायची: सोमवार, मंगळवार, आणि... ते शोधायचे. कधी सापडायचं, कधी नाही. मी लांबून बघायचे. दहा वर्षांची मुलगी, पण एकदाही तिनं शब्द पुरवला नाही. मला नसतं जमलं. वर्गात मुलाला उत्तर यायला जरा उशीर झाला की मी अर्धा शब्द सांगून टाकते, अजूनही.

पाढ्यांनंतर आलेलं त्यांचं पहिलं खरं बोलणं मात्र गोड वगैरे काही नव्हतं. परीक्षेच्या आधीचे दिवस, दुपारचं ऊन, सर मीटिंगला गेलेले, मी एकटी. पोरांनी नुसता गोंधळ घातला होता. मी दोनदा ओरडले, कुणी ऐकेना. तेवढ्यात व्हरांड्यातून दणदणीत आवाज आला, “गप बसा की रे!”

सगळी शाळा चिडीचूप. पहिलीतलं एक पोर घाबरून रडायलाच लागलं. त्यांनी स्वतःच दचकून आजूबाजूला पाहिलं, कोण बोललं म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसायला लागले. वाकड्या तोंडानं, खांदे हलवत. मुलीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, आणि मग सगळी शाळा ओरडायला लागली, “आबा बोलले! आबा बोलले!” तो गोंधळ मी थांबवला नाही.

ते पूर्ण बरे झाले असं मी लिहू शकत नाही. उजवा हात खांद्यापर्यंत उचलला जातो, बोटं नाहीत उघडली. पुढच्या दिवाळीनंतर ते दोघं तोडीला गेले नाहीत, ते शक्यच नव्हतं. तोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणून कुणी घेईना आणि तिलाही नवऱ्याला सोडून जायचं नव्हतं. ती शिरूरजवळ एकांच्या डाळिंबाच्या बागेत कामाला लागली. ते चार शेळ्या राखायला लागले. शेळीला ते बरेच दिवस ‘एसटी’ म्हणायचे आणि एसटीला काहीच म्हणायचे नाहीत. लोक हसायचे. तेही हसायचे कधीकधी, आणि कधीकधी काठी आपटून घरात जायचे आणि दिवसभर बाहेर यायचे नाहीत. असे दिवस पुष्कळ होते, ते तिच्या आईनं मला सांगितलं.

ती पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. पुढं माझी बदली उमापूरच्या बाजूला झाली. मेंदूचा धडा मी तिथंही शिकवते. कुणी ना कुणी तो प्रश्न विचारतंच. मी आता खुर्ची ओढून बसते आणि आधी विचारते, “तुला असं का विचारावंसं वाटलं?” एकदा एकानं आजोबांबद्दल सांगितलं, एकीनं झटके येणाऱ्या भावाबद्दल. बहुतेक वेळा मात्र काहीच नसतं, मुलाला नुसती गंमत असते.

गेल्या वर्षी एका लग्नाला शिरूरला गेले होते. परतताना स्टँडवर बीडच्या बसची वाट बघत उभी होते. मागून कुणीतरी “मॅडम” म्हणालं. ती होती. सातवीत, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच, वेणी आता एकच. बरोबर तिचे वडील, खांद्यावर पिशवी. तिच्या शाळेचा दाखला की कसला कागद काढायला आले होते दोघं.

त्यांनी मला बघून डावा हात कपाळाला लावला. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शब्द येईना. तेवढ्यात बस लागली, गर्दी दाराकडं धावली. बाजूच्या टपरीवाल्यानं, ओळखीचा असणार, त्यांची धडपड बघून म्हटलं, “काय दादा, पानी पायजे का?”

“थांबा काका,” ती म्हणाली. “त्यांन्ला म्हनू द्या.”

मी थांबले. कंडक्टरनं घंटी दिली. त्यांनी मान खाली घातली, हाताची मूठ केली, सोडली, आणि वर बघून म्हणाले, “चा... चहा. घ्या.”

बस गेली. पुढची तासाभरानं होती. टपरीच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. चहा फार गोड होता. तिनं मला सांगितलं की तिला विज्ञानात चांगले गुण पडतात पण इंग्रजी जमत नाही, स्पेलिंग पाठच होत नाहीत. तिचे वडील बशीत ओतलेला चहा फुंकत शांतपणे ऐकत होते. मध्येच ते हसले आणि म्हणाले, “मला... पन.”